बी साइडवरची गाडी

आई जाऊन महिना होत आला तेव्हा अमेरिकेहून अभिनवचं कुरियर आलं. पाकिटात एक सीडी होती आणि तिच्यावर चिकटवलेल्या पिवळ्या कागदावर एवढंच लिहिलं होतं: 'मिळाली एकदाची. गाडी ऐक.' आईबद्दल अवाक्षर नाही. अभिनव माझा कॉलेजपासूनचा मित्र, मूळचा नारायण पेठेतला. ज्या गोष्टीबद्दल बोलून काही होणार नाही तिच्याबद्दल बोलायचंच नाही, अशी त्याच्या घराण्याची रीत आहे. मला ती त्या दिवशी फार बरी वाटली. महिनाभर लोक मला धीर देत होते आणि माझी अडचण अशी होती की माझा धीर सुटतच नव्हता.

म्हणजे आई गेली आणि मला रडू आलं नाही. दवाखान्यात नाही, स्मशानात नाही, जलदान विधीला पांढरे कपडे घालून बसलो तेव्हाही नाही. भन्ते बोलत होते आणि मी त्यांच्यामागच्या भिंतीवरचा प्लग सैल झालाय तो पाहत होतो. विधी संपल्यावर मी पेचकस आणून तो आवळलाही. धाकटी बहीण अक्षता माझ्याकडे बघत राहिली. नंतर स्वयंपाकघरात ती माझ्या बायकोला, पूर्णिमाला, म्हणाली की दादाला दगड म्हणायचीही सोय नाही, दगडाला पाझर फुटतो. मी बाहेरच उभा होतो. तिचं काही चुकलं असं मला वाटलं नाही.

कंपनीने शोक व्यक्त करणारी मेल पाठवली. तिच्याखाली, रोजच्या सहीत, 'हॅव अ ग्रेट डे' होतं. मी 'यू टू' असं उत्तर पाठवलं आणि कामाला लागलो. ते मंदीचं वर्ष होतं, २००९. आमच्या मगरपट्ट्याच्या ऑफिसातल्या खुर्च्या एकेक करून रिकाम्या होत होत्या. शेजारच्या टेबलावरचा साई खोक्यात कप आणि कॅलेंडर भरून निघून गेला, तेव्हा मी त्याला लिफ्टपर्यंत सोडलं आणि परत येऊन उरलेला डबा खाल्ला.

आईच्या वस्तूंची विल्हेवाटही मीच लावली, झटपट. साड्या अक्षताने न्यायच्या ठरलं. राहिली शिलाई मशीन. काळी, पायाची, लोखंडी स्टँडवरची. मांजरी गावाजवळच्या आमच्या फ्लॅटच्या बाल्कनीत ती उभी असायची आणि शेवटची दोन-तीन वर्षं तिच्यावर कपडे धुवायच्या पावडरचा डबा असायचा, कारण आईचे गुडघे गेले होते. पूर्णिमा म्हणाली, राहू द्या की. मी म्हटलं, कोण शिवणार आहे? मांजरी गावात वेशीजवळ मैनाबाई नावाच्या बाईंचं शिवणकामाचं दुकान आहे, त्यांची मशीन कायम नादुरुस्त. त्यांना देऊन टाकली. टेम्पोत चढवताना मी एका बाजूने हात लावला. धक्क्याने चाक जरासं फिरलं आणि थांबलं. मला काही झालं नाही.

या सगळ्याची भीती वाटायला हवी होती, पण भीतीसुद्धा वाटत नव्हती. वडील लवकर गेल्यावर ज्या बाईने परकर-पोलकी शिवून दोन मुलांना शिकवलं, तिच्यासाठी एक टिपूस नाही, म्हणजे आपल्या आत काही शिल्लक आहे की नाही, एवढंच मला पाहायचं होतं. ते पाहायचा माझ्याकडे एकच उपाय होता. एका अल्बममधल्या बी साइडच्या तिसऱ्या गाण्याला मी रडलो नाही असं एकोणिसाव्या वर्षापासून कधी झालं नव्हतं. आणि तो अल्बम या कुरियरमध्ये आला होता.

व्हिक कॉर्बेट हे नाव तुम्हाला माहीत असायचं कारण नाही. गिटार वाजवायचा. त्याचा बँड काही वर्षं बऱ्यापैकी गाजला, मग सगळ्या बँडांसारखा भांडून मोडला. त्यानंतर त्याने एका सिनेमाला संगीत दिलं, 'विंटर टेनंट'. सिनेमा कोणी पाहिला नाही आणि त्याचा अल्बम तर कॉर्बेटच्या चाहत्यांनीही घेतला नाही. 'विंटर टेनंट' म्हणजे हिवाळ्यातला भाडेकरू. भाडेकरू या विषयावर पुण्याच्या माणसाला सिनेमा बघायची गरज पडत नाही, पण संगीताची उत्सुकता होती.

त्र्याण्णवच्या एप्रिलमध्ये अभिनवचा अमेरिकेतला चुलतभाऊ सुट्टीला आला आणि ती कॅसेट घेऊन आला. एक दिवसासाठी दिली, तीही उपकार केल्यासारखी. देशाची दारं नुकतीच उघडली होती म्हणतात. लक्ष्मी रोडवर परदेशी साबण आले होते, चौकाचौकात पिवळे एसटीडी बूथ आले होते, पण कॉर्बेट काही त्या दारातून आत आला नव्हता. त्यामुळे कॅसेटची नक्कल करून घेणं भाग होतं. दोन कॅसेटी घालता येणारा टेपरेकॉर्डर आमच्या दोघांच्याही घरी नव्हता. मग जे तेव्हा सगळेच करायचे ते करायचं. दोन साधे टेपरेकॉर्डर समोरासमोर ठेवायचे, एकात गाणं लावायचं आणि दुसऱ्याच्या माइकवर ते टिपून घ्यायचं. अभिनवच्या घरी हे जमण्यासारखं नव्हतं, कारण त्याचे वडील रावसाहेब दुपारी झोपायचे आणि इंग्रजी गाणं लागलं की खास त्यासाठी उठायचे. म्हणून तो त्यांचा टेप सायकलच्या कॅरिअरला बांधून मंगळवार पेठेत आमच्याकडे आला.

आमच्या दोन खोल्या होत्या. बाहेरच्या खोलीत स्टुलांवर दोन टेप समोरासमोर मांडले. या कामाचे नियम कडक असत, कारण माइक सगळंच टिपायचा, शिंकसुद्धा. पंखा बंद, कुकर बंद. बटणं दाबायची, दार ओढून घ्यायचं आणि साइड संपेपर्यंत जिन्यात जाऊन बसायचं. आई आतल्या खोलीत होती. चौदा एप्रिल तोंडावर आलेला आणि जयंती मंडळाच्या निळ्या पताकांचं काम दरवर्षी तिच्याकडेच असायचं. आवाज करू नकोस, एवढं मी तिला सांगून ठेवलं होतं. आम्ही जिन्यात शेंगदाणे खाल्ले, कॅसेट उलटवली, पुन्हा जाऊन बसलो. संध्याकाळी अस्सल कॅसेट चुलतभावाकडे परत गेली. ती आम्ही दोघांनीही धड ऐकलीच नाही. आमच्याकडे उरली ती नक्कल.

दुसऱ्या दिवशी नक्कल ऐकली आणि बी साइडच्या तिसऱ्या गाण्याला आम्ही शेंगदाणे बाजूला ठेवले. बाकीच्या गाण्यांत ड्रमचा दणदणाट होता; यात ना ड्रम, ना शब्द, नुसती गिटार. आणि गिटारच्या खाली, लांबून, एक आगगाडी चाललेली. मऊ, एका लयीत, कापसात गुंडाळल्यासारखी. बराच वेळ ती तशी चालत राहते. मग गिटार खाली उतरते, एकेक सुटा सूर उरतो, आणि गाडी हळू होत होत थांबते. गिटार एकटीच वाजते. मग ती पुन्हा वर चढते आणि गाडी निघते. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. अभिनवने नाक ओढलं आणि सर्दी झालीय म्हणाला.

आम्ही त्या गाडीवरून अख्खा सिनेमा रचला. भाडेकरू हिवाळ्यात आपल्या गावी निघालाय. गाडी त्याच्या स्टेशनात थांबते. तो उतरत नाही. का उतरत नाही यावर आम्ही वर्षानुवर्षं वाद घातला. अभिनवचं म्हणणं, घरमालकाने डिपॉझिट परत केलेलं नाही, तो कुठल्या तोंडाने गावी जाईल? माझं म्हणणं, उतरून जावं असं घरच तिथे उरलेलं नाही. आईने एकदा विचारलं होतं, या गाण्यात शब्द का नाहीत रे. मी म्हटलं, तुला नाही कळणार.

नकलेच्या नकला निघाल्या. पुण्यातल्या निम्म्या इंजिनिअरिंग होस्टेलांत आमची कॅसेट पोचली असेल, आणि 'कॉर्बेटची गाडी' म्हटलं की मुलं मान डोलवायची. पुढे नोकरी लागली, इंटरनेट आलं. कॉर्बेटच्या चाहत्यांच्या एका फोरमवर मी त्या गाडीवर लांबलचक लेख टाकला. स्कॉटलंडच्या एका माणसाने विचारलं, कुठली गाडी? मी लिहिलं, महाशय, कान तपासून घ्यावेत, आमच्या शहरात ती सोय माफक दरात होते. तो चिडला, मी चिडलो, आमचं भांडण दोन वर्षं चाललं. माझ्या बाजूने लिहिणारे चार-पाच जण होते आणि ते सगळे पुण्याचे होते. हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

कॅसेट झिजली होती. घरात ती वाजवायला काही उरलं नव्हतं आणि आमच्या जुन्या मारुतीतला टेप कॅसेट चघळायचा, म्हणून मी ती कपाटात जपून ठेवली होती. अल्बमची सीडी निघाली की पाठवतो, असं अभिनव वर्षानुवर्षं म्हणत होता. ती आता आली, नको त्या वेळेला किंवा अगदी योग्य वेळेला.

रविवारी सकाळी पूर्णिमा मंडईला गेल्यावर मी दार लावून घेतलं, हेडफोन चढवला आणि मांडीवर रुमाल घेऊन बसलो. रुमालाचं सांगायला लाज वाटते. सीडी सुरेख होती. गिटारवर बोट सरकल्याचा आवाजसुद्धा स्वच्छ येत होता. मी पहिल्यापासून सगळं ऐकलं, मध्येच उडी मारली नाही. बी साइडचं तिसरं गाणं आता नववं झालं होतं. ते सुरू झालं, खाली उतरलं, वर चढलं आणि संपलं. गाडी आलीच नाही.

मी पुन्हा लावलं. एक माणूस गिटार वाजवत होता. बरी वाजवत होता. मी रुमालाची घडी करून खिशात ठेवली.

अभिनवला फोन केला. त्याने सीडी हातात आली तशीच, न उघडता, कागद चिकटवून मला पाठवली होती, ऐकलीही नव्हती. गाडी नाही म्हटल्यावर तो माझ्यावरच खेकसला. मग म्हणाला, साफसफाई करताना काढून टाकली असणार, हल्ली आवाज स्वच्छ करायचं खूळ आहे ना यांना. ते मला पटलं. मी सीडीच्या कंपनीला मेल लिहिली की आपण एका थोर कलाकृतीतली संपूर्ण आगगाडी परस्पर गायब केली आहे, तरी ती कोठे आहे ते कळवावे. उत्तर एका बाईचं आलं, फार नम्र. सीडी मूळ टेपवरूनच बनवली आहे, त्या गाण्यात एका गिटारशिवाय काहीही नव्हतं आणि नाही. सिनेमात तर आगगाडी असायचा प्रश्नच नाही. सगळा सिनेमा बर्फाने वेढलेल्या एका घरात घडतो आणि भाडेकरू शेवटपर्यंत दाराबाहेर पडत नाही.

माझा एकच उपाय होता आणि तो फुकट गेला. याचंही वाईट वाटलं नाही. आपल्याला काही वाटत नाही याची सवय झाली की ती गुडघेदुखीसारखी असते, उठता-बसता आठवते आणि बाकी चालून जातं. फक्त गाडी मी ऐकली होती, एवढं मला सिद्ध करायचं होतं. कोणापुढे ते ठाऊक नाही.

शनिवारी अक्षता साड्या न्यायला आली. तिला विश्रांतवाडीला सोडायला मी मारुती काढली आणि कपाटातली कॅसेट खिशात घातली. फाटली तर फाटली. अक्षता साड्यांचं गाठोडं मांडीवर घेऊन बसली होती आणि माझ्याशी मोजकं बोलत होती. खराडीच्या पुढे रस्ता मोकळा झाल्यावर मी बी साइड लावली. दोन गाणी घसरत-घसरत गेली. मग तिसरं लागलं, आणि गिटारच्या खाली, लांबून, मऊ, गाडी आली. मी स्टिअरिंगवर हात मारला. होती की नाही? रडूबिडू काही आलं नाही, पण स्कॉटलंडच्या माणसाचा चेहरा डोळ्यांपुढे आला. मग शेजारी पाहिलं तर अक्षता खिडकीकडे तोंड करून रडत होती.

"हे आज मुद्दाम लावलंस ना?" ती म्हणाली.

मी विचारलं, मुद्दाम काय?

"आईची मशीन."

मी गाडी बाजूला घेतली. अक्षताने पदराने डोळे पुसले आणि मग, मी काही विचारलं नसताना, सगळं सांगितलं. त्या दुपारी ती आईजवळच बसली होती, पताकांचे निळे त्रिकोण एकेक करून हातात द्यायला. पताका लांबच लांब फितीवर एकीला लागून एक शिवायच्या असतात, त्यामुळे मशीन थांबत नाही. दुसऱ्या दिवशी मंडळाची माणसं न्यायला येणार होती. मी आत येऊन आवाज करू नकोस म्हटल्यावर आईने विचारलं, "थांबू काय थोडी?" मी म्हणालो, असू दे, ऐकू येत नाही. आणि जिन्यात निघून गेलो. आईचा काही माझ्यावर विश्वास बसला नाही. तिने अक्षताला पलंगावरची गोधडी आणायला सांगितली, तिची जाड घडी केली, दोघींनी मशीन एकेका बाजूने उचलली आणि गोधडी लोखंडी पायांखाली सारली. पोराचं गाणं खराब व्हायला नको म्हणून.

"तुला खरंच माहीत नव्हतं, दादा?" अक्षता म्हणाली. "मला वाटायचं, तिची मशीन आहे म्हणून तू ते ऐकून रडतोस. किती कौतुक वाटायचं मला तुझं."

मला यातलं काहीही आठवत नव्हतं. आठवावं असं त्यात काही नव्हतंच. आमच्या घरात मशीन बारा महिने चालायची. ऐकू येत नाही असं मी म्हणालो असेन तर ते खोटं नव्हतं, मला ती लहानपणापासूनच ऐकू येत नसे. टेपमध्ये गिटार खाली उतरत होती आणि गाडी हळू होत होती. मी विचारलं, मग इथे मध्येच का थांबली ती?

"बॉबिनवरचा दोरा संपला असेल," अक्षता नाक पुसत म्हणाली. "दुसरं काय?"

तिला सोडून परत निघालो. ते थांबणं पुन्हा ऐकावं म्हणून कॅसेट मागे घेतली, आणि टेपने करायचं ते केलं. आतून चरचर आवाज आला आणि गाणं बुडाल्यासारखं झालं. कॅसेट ओढून काढली तेव्हा तिची तपकिरी फीत गिअरच्या दांड्यापर्यंत लोंबत होती, जागोजागी चुरगळलेली. जुन्या नकला कोणाच्या माळ्यावर असतील तर असतील. मी ती फीत गुंडाळून खिशात घातली आणि सिग्नल सुटल्यावर गाडी काढली. खिसा फुगला होता एवढं जाणवत होतं.

घरी आल्यावर मी पलंगाखालच्या पेटीतून गोधडी काढली. पूर्णिमाने विचारलं, कुठे निघालात? मी म्हटलं, मैनाबाईकडे. तिने गोधडीकडे पाहिलं आणि दार उघडून दिलं.

मैनाबाईचं दुकान म्हणजे वेशीजवळची एक पत्र्याची खोली, पुढे दोन पायऱ्या. आईची मशीन दारातच होती, तेलपाणी करून चकचकीत केलेली, आणि बाई तिच्यावर परकर शिवत होती. गोधडी घेऊन मी दारात उभा राहिलो तशी ती गडबडीने उठली. माझ्यासारखे सोसायटीतले लोक तिच्याकडे एक तर शर्ट आखूड करायला येतात, नाहीतर तक्रार घेऊन.

"आवाजाचं सांगाया आलाय व्हय? तुमच्या बिल्डिंगीपतूर जातो का काय?" ती म्हणाली. "आता जुनी मशीन हाय, थोडा तर व्हनारच."

मी म्हटलं, तक्रार नाही. ही गोधडी मशीनच्या पायांखाली घालू द्या आणि तुम्ही तुमचं काम करा, मी बाहेर पायरीवर बसतो. तिने माझ्याकडे नीट पाहिलं. महिन्यापूर्वी आई गेलेला माणूस आहे हे तिला माहीत होतं, त्यामुळे वेडा म्हणायची पंचाईत. तिने एक बाजू उचलली, मी घडी आत सारली, मग दुसरी बाजू. मी बाहेर येऊन दुकानाकडे पाठ करून बसलो. समोर मोकळं रान होतं, तोडणी झालेलं, पलीकडे आमच्या सोसायटीच्या पाण्याच्या टाक्या.

आत तिने पाय चालवले आणि गाडी आली.

तीच. लांबून, मऊ, एका लयीत. मी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसून राहिलो. होस्टेलातल्या मुलांनी जिच्यावर माना डोलावल्या, जिच्यासाठी मी परदेशातल्या माणसाचे कान काढले, ती ही. मला गंमत वाटायला हवी होती, निदान शरम. मी वाट पाहत होतो. परकराची शिवण लांब होती, गाडी चालत राहिली. मग ती थांबली.

"बॉबिन संपली," मैनाबाई आतून म्हणाली. "भरून घिते."

आणि तिने बॉबिन चाकाजवळ अडकवून पाय मारले तसा असा घर्रर्र आवाज सुटला की पत्रा दणाणला. गोधडीला तो काही जुमानत नव्हता. बॉबिन भरताना मशीन जास्त ओरडते. हे मला जन्मापासून माहीत होतं, आणि माहीत आहे हे त्या पायरीवर कळलं.

माझ्या कॅसेटवर हा आवाज नाही. गाडी थांबते ती जागा मला तोंडपाठ आहे, सोळा वर्षं तिथेच तर मी रडत आलो. तिथे गिटारच्या सुट्या सुरांखेरीज काही नाही. ना घर्र, ना कात्री, ना खुर्चीचं करकरणं. बॉबिन संपली असती तर ती भरलेली ऐकू आली असती. दोरा तुटला असता तर आई तो न बघता ओवायची, इतका वेळ लागलाच नसता. गिटार खाली उतरली तसा तिने पाय सैल सोडला. गिटार एकटी वाजत होती तोवर हात-पाय न हलवता बसून राहिली. गिटार वर चढली, तिला पताका आठवल्या असतील, आणि तिने पुन्हा पाय चालवले. आई थांबली होती ती ऐकायला. मी जिन्यात शेंगदाणे खात होतो तेव्हा ते गाणं आमच्यात सगळ्यात आधी तिने ऐकलं होतं, तेही अस्सल. त्यात शब्द का नाहीत, हे तिने उगाच नव्हतं विचारलं.

मी चेहरा पुसायला खिशात हात घातला तर रुमालाऐवजी ती चुरगळलेली फीत हातात आली. छातीत दुखायला लागलं, जसं फार वेळ एका कुशीवर झोपल्यावर हातात रक्त परत येताना दुखतं. मग मी रडलो. रस्त्यावरून दुधाचे कॅन लावलेली मोटरसायकल गेली, चालवणाऱ्याने वळून पाहिलं, आणि मला आवरता येईना. आईला एकदा तरी विचारायचं होतं, आवडलं का तुला. आता कोणाला विचारू?

आत मशीन सुरू झाली होती. ती मध्येच हळू झाली आणि मैनाबाई दारात डोकावली असावी, कारण आवाज जवळून आला.

"थांबू का, दादा?"

"नको," मी म्हणालो. "ऐकू येतंय."

ती आत गेली आणि तिने पुन्हा पाय चालवले.